आडिवरेकरणीचा घास

"बाजूला हो गो. उंबऱ्यात उभी राहू नको."

सासूबाईंच्या कमरेवर पाटी होती, खाडीतल्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि बाजूला झाले नाही.

"आई, आज तिसऱ्या करू नका."

"का? कोण मेलं?"

"अजून कोणी नाही."

पलीकडे विळीवर बसून तिसऱ्या उघडणारी आमची कामवाली सुंदरा हसायला लागली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आठ महिने त्या माझ्याकडे तशाच बघत होत्या. माझ्या नवऱ्याला, दिगंबरला मुंबईत खोली मिळेपर्यंत मी जुवळे बंदरावर राहायचं ठरलं होतं. खोली मिळत नव्हती, आणि एकमेकींना सहन करण्याची आमची ताकद रोज थोडी कमी होत होती.

"पाच दिवस खाडीचं पाणी तांबडं आहे," मी म्हणाले. "पायऱ्यांशी मेलेले बारीक मासे लागतायत. असं पाणी झालं की शिंपल्यांत विष साठतं. शिंपल्याला काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. शिजवून ते जात नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात!" त्या सुंदराकडे वळल्या. "ऐकलंस? मिरजेची ही. लग्न होईस्तोवर हिने मासा बघितला तो बाटलीतला. दारूत बुडवलेला. आणि आडिवरेकरणीला तिसऱ्या शिकवते."

"एमेस्सी हाय ती, काकी," सुंदरा म्हणाली.

"ते एमेस्सी लोणच्याला लाव म्हणावं."

बाटलीतल्या माशाचं खरं होतं. प्राणिशास्त्राचं माझं सगळं शिक्षण फॉर्मालिनमधल्या जीवांवर झालं होतं. शिंपल्यांच्या विषावर आमच्या पुस्तकात अर्धं पान होतं. आधी ओठ बधिर होतात, मग बोटं, मग पाय, मग श्वास. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही. खाडीचं पाणी मी आदल्या दिवशी पेल्यात घेऊन उन्हात धरलं होतं, भिंगातून पाहिलं होतं. काही दिसलं नाही. भिंगातून दिसण्यासारखं ते नव्हतंच.

"मांजर बघा," मी म्हणाले.

मांजर अंगणात होतं. पहाटे सुंदराने टाकलेल्या तिसऱ्या त्याने खाल्ल्या होत्या. आता ते पुढच्या दोन पायांवर अंग ओढत तुळशीकडे चाललं होतं.

"कुत्र्याने धरलं असेल."

"रक्त नाही कुठे."

"मग लचक भरली असेल. मांजराच्या दुखण्यावरून मी उतारूंना उपाशी ठेवू?" त्यांनी पाटी पुन्हा उचलली. "आज एकादशी. नवरात्र संपलं. आज लाँचने येणारा माणूस तिसऱ्या खायला येतो. माझ्या आजेसासूपासून येतो. चल, हो बाजूला."

मी बाजूला झाले. तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

इथे खाणावळीबद्दल सांगायला हवं. खाडीवर पूल नव्हता, तेव्हा पलीकडून येणाऱ्याला जुवळे बंदराशिवाय वाट नव्हती. धक्क्याच्या पायऱ्या चढून आलं की समोर लांब पडवीचं कौलारू घर. पडवीत उतारू जेवत, वेळ पडली तर झोपत. दारावर नावाची पाटी नव्हती. सगळे तिला आडिवरेकरणीची खाणावळ म्हणत, कारण घरातले पुरुष कायम समुद्रावर किंवा मुंबईत, आणि खाणावळ पहिल्यापासून बायकांचीच.

पहिली आडिवरेकरीण काशी. गलबतांच्या काळातली. नवरा बुडाल्यावर तिने खलाशांना पेज द्यायला सुरुवात केली. एकदा तिच्या पडवीत जेवून झोपलेला एक व्यापारी सकाळी उठलाच नाही. काशीने विष घातलं, अशी बोंब झाली. दोन महिने एकही गलबत तिच्या पायऱ्यांना लागलं नाही. शेवटी एक दिवस ती भाताचा टोप आणि कालवणाचं भांडं घेऊन धक्क्यावर जाऊन उभी राहिली आणि खलाशांच्या देखत पहिला घास स्वतः खाल्ला. तेव्हापासून प्रत्येक पंगतीला घरच्या बाईने दारात उभं राहून, उतारूंसमोर, पहिला घास घ्यायचा आणि मग वाढायचं. काशीने घेतला, तिच्या सुनेने घेतला, तिच्या सुनेने घेतला. आता सासूबाई घेत. सत्यभामा त्यांचं नाव, गाव भामाकाकी म्हणे. त्यांनी घास गिळला की लोक पानावर हात ठेवत. त्यानंतर कोणी काही विचारत नसे.

साडेआठला मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. त्या खोबरं वाटत होत्या.

"आई, निदान दोन तास थांबून वाढा."

"लाँच सव्वा तास थांबते. पाणी ओसरलं की गाळात बसेल. तुला एवढीच शंका असेल तर मी घास घेतेच आहे की सगळ्यांसमोर. मला काही झालं नाही म्हणजे झालं ना?"

"एका घासाने लगेच कळत नाही."

"चार पिढ्यांना कळलं. तुला कळत नाही."

मी मागच्या दाराने वाडीत गेले. पहिल्या घरी तिसऱ्यांचं पातेलं मिठाच्या पाण्यात भिजत होतं. रात्रभर तसं ठेवलं की त्या रेती ओकतात. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही. नऊ दिवस गावात कोणी मासळीला शिवलं नव्हतं. पाणी तांबडं होऊन पाच दिवस झाले आणि कोणी आजारी पडलं नव्हतं, त्याचं कारण एवढंच. दसऱ्याच्या दुपारी ओहोटीला सगळ्या बायका एकदम चिखलात उतरल्या होत्या आणि पाट्या भरभरून आणल्या होत्या. आज दुपारी चाळीस घरं एकाच वेळी जेवायला बसणार होती.

मी तीन घरी सांगितलं. पहिल्या घरी हसले. दुसऱ्या घरी म्हातारीने विचारलं, "भामा काय म्हणते?" तिसऱ्या घरी दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "सासूशी पटत नाही म्हणून आता गावाला घाबरवायला निघालीय."

परत येताना मी एक गणित केलं. टोप उलथून टाकला तर लाँचचे उतारू वाचतील आणि मी वेडी ठरेन. मग दुपारी गाव जेवेल. गावातल्या लहान मुलांचा आकडा मला माहीत होता, मी जूनमध्ये शाळेत त्यांची वजनं करून दिली होती. गाव फक्त एका गोष्टीवर विश्वास ठेवत होतं, आणि ती गोष्ट पुस्तकात नव्हती.

पावणेदहाला लाँचचा भोंगा झाला. सासूबाई लुगडं झटकून पायऱ्यांकडे गेल्या. सुंदरा पानं मांडायला पडवीत गेली. स्वयंपाकघरात मी एकटी होते. तिसऱ्यांचं सुकं झालं होतं. भाताचा टोप मागच्या चुलीवर नुकता चढला होता, पाण्याला अजून आधणही आलं नव्हतं.

लाँचमधून साठेक माणसं उतरली. नवरात्राला गावी आलेले मुंबईकर, पलीकडच्या बाजारचे लोक, दोन मास्तर, चार-पाच मुलं. पुढे बाबल सारंग. लाँच चालवणारा हा माणूस वीस वर्षं इथे जेवत होता आणि आपण या घराचे कोणीतरी आहोत अशा थाटात पडवीत शिरायचा.

"काकी, वास धक्क्यापर्यंत आलाय! इंजिन आपोआप वळलं इकडे!"

"तुझं इंजिन नाही, तुझं पोट. बस."

सगळे बसले. सुंदराने सुक्याचं भांडं आणून उंबऱ्यावर ठेवलं. सासूबाईंनी झाकण काढलं, डाव्या हाताने पदर सारखा केला आणि वाटीत एक पळी घेतली. पडवी गप्प झाली. हे दर पंगतीला व्हायचं. साठ माणसं एका बाईच्या तोंडाकडे बघत बसायची.

त्यांनी घास घेतला. गिळला. वाटी खाली ठेवायला त्या वाकल्या.

"एकच?" मी म्हणाले.

मी मोठ्याने बोललेलं त्या पडवीने कधी ऐकलं नव्हतं.

"काय गो?"

"सकाळपासून मी सांगतेय, या तिसऱ्या खाण्यासारख्या नाहीत. तुम्ही म्हणता आहेत. मग एकाच घासावर का थांबलात? हे लोक ताटभर खाणार. तुम्ही तिळाएवढं चाखून बाजूला होणार?"

कोणीतरी "अरेच्या" म्हणालं. एक मास्तर उगाच खोकले.

सासूबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग तापत गेला. "बाबल," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही आमची सून. शिकलेली आहे. हिचं म्हणणं मी विष रांधलंय."

"शिकलेल्यांना विष लवकर दिसतं, काकी," सारंग म्हणाला. लोक हसले. "खाऊन दाखवा वाटीभर. तिचं शिक्षण पुरं होऊ दे."

"वाटीभर कशाला?" त्यांनी ताट ओढलं. "ताटभर खाते."

आणि त्या उंबऱ्यावर बसून खायला लागल्या. सावकाश, एकेक शिंपला उचलून, चोखून, कवच माझ्या पायाशी टाकत. मी मोजत होते. अडतीस झाले. लोक मजा बघत होते. शेवटचं कवच माझ्या पायाच्या बोटावर पडलं.

"झालं समाधान?"

"हो."

"सुंदरे, भात आण."

सुंदरा आत गेली आणि तशीच बाहेर आली. "काकी, चूल विझलीय. पाणी पडलंय चुलीत. भात कच्चाच हाय."

सासूबाई आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. ओल्या राखेतून अजून वाफ निघत होती. त्यांनी राखेला बोट लावलं, बोट पाहिलं, मग मला पाहिलं.

"तू."

मी मान हलवली.

"या घरात शंभर वर्षांत चूल पाण्याने विझली नाही. माणूस गेलं तरी नाही." आवाज अगदी हळू होता. पडवीत ऐकू जाऊ नये, म्हणून. "उद्याच्या लाँचने तू जायचंस. दिगंबरला मी बघून घेईन."

"जाईन."

त्यांनी स्वतः राख उपसली, कोरडी लाकडं आणली, फुंकणीने चूल पेटवली. सव्वादहा झाले होते. पडवीतून आवाज येऊ लागले.

"काकी, लाँच चुकवायचीय काय?"

"भात राहू दे, नुसत्याच वाढा! चोखून खातो!"

हे मी धरलंच नव्हतं. सासूबाई फुंकणी टाकून दारात गेल्या. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

"मेल्यांनो, ही आडिवरेकरणीची खाणावळ आहे, शेंगदाणेवाल्याची गाडी नाही. भाताशिवाय इथे पान वाढत नाहीत. ज्याला घाई असेल त्याने पाणी पिऊन लाँचमध्ये जाऊन बसावं."

कोणी उठलं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. दहा वीस.

साडेदहाला त्यांनी वरचा ओठ दातांखाली घेतला. एकदा, मग परत. दहा चाळीसला हाताच्या पाठीने तोंड पुसलं, जिथे काही लागलेलं नव्हतं. टोपाचं झाकण त्यांनी उघड्या हाताने उचललं. ते तापलेलं होतं. त्यांनी ते नेहमीसारखं पटकन खाली टाकलं नाही, धरून उभ्या राहिल्या.

"आई, ओठाला मुंग्या येतायत?"

"तुझ्या जिभेला येवोत."

पण "जिभेला" हा शब्द नीट आला नाही. त्यांनाही ते कळलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्या क्षणी त्या थांबतील असं मला वाटलं होतं. त्यांनी भाताचं भांडं उचललं आणि पडवीत निघाल्या.

आज मला त्याचं इतकं नवल वाटत नाही. साठ माणसांसमोर त्यांनी ताटभर खाल्लं होतं. आता मागे फिरलं, तर काशीपासूनचे सगळे घास खोटे ठरणार होते. त्या स्वतःला समजावत होत्या, की हे काही नाही, चुलीची धग लागली, राग आला, उपास झाले. माणूस स्वतःला किती भराभर कारणं पुरवू शकतं ते मी प्रयोगशाळेतही पाहिलं आहे.

पहिल्या पानावर एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती, तांबड्या रिबिनीची. सासूबाईंनी तिला भात वाढला. सुंदराने मागून तिसऱ्यांची पळी वाढली. मुलीने हात घातला.

मी पान खालून धरून उचललं. भात, तिसऱ्या, सगळं अंगणात गेलं. मुलगी किंचाळली. तिचा बाप उठून उभा राहिला.

"डोकं फिरलंय का बाईचं?"

"एक मिनिट," मी म्हणाले. "एकच मिनिट, मग मला हाकलून द्या." पाण्याचा तांब्या मी सासूबाईंसमोर धरला. "आई, एवढं पाणी प्या. सगळ्यांसमोर प्या. काही झालं नाही तर मी यांच्या पाया पडते, वाढा मग."

त्यांनी तांब्या माझ्या हातातून हिसकावला, तोंडाला लावला आणि प्यायल्या. पाणी ओठांच्या कडेतून हनुवटीवर आलं, गळ्यावर आलं, चोळी भिजली. त्या पीतच राहिल्या. त्यांना कळत नव्हतं.

"काकी," बाबल सारंग उठला. त्याचा आवाज बदलला होता. "काकी, पाणी सांडतंय."

"कुठे?" त्या म्हणाल्या. तो शब्द "उठे" असा आला. त्यांनी गळ्याला हात लावला, ओला हात पाहिला. तांब्या पडला. मग गुडघे गेले.

लोकांनी पानं भराभर उलथली. कोणीतरी वाडीकडे धावलं, आणि पाच मिनिटांत घराघरातून बायका पातेली घेऊन बाहेर आल्या. सुंदराने रडत रडत स्वतःच्या घरची पाटी धक्क्यावरून खाली टाकली. अकराला सारंगाने लाँच सोडली, ती पुढच्या बंदराला न नेता वर तालुक्याच्या दवाखान्याकडे. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते आणि माझ्यावरच होते.

दवाखान्यात श्वास बंद पडत आला तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घातली. हवा भरायला रबरी फुगा होता, तो हाताने दाबावा लागे. कंपाउंडर, बाबल सारंग आणि मी पाळीपाळीने दाबत होतो. मिनिटाला सोळा वेळा. माझी पाळी मी कोणाला दिली नाही, हे लोकांनी नंतर पुष्कळांना सांगितलं.

लोकांनी बरंच काही सांगितलं. तालुक्याच्या वर्तमानपत्रात माझं नाव आलं. मास्तरांनी शाळेत माझा सत्कार केला, नारळ दिला. वाडीत ज्या घराने दार लावलं होतं, त्या घराने मला बांगड्या भरल्या. खाणावळीत लोक त्यानंतरही आले, पण सासूबाई दारात उभ्या राहिल्या की मान खाली घालून पानाकडे बघू लागले. तीन वर्षांनी पूल झाला, लाँच बंद झाली, आणि खाणावळ मिटली. पुलामुळे मिटली असं सगळे म्हणतात. आता तिथे कोळंबीचं गोदाम आहे. बाबल सारंग गेला, सुंदरा गेली. सासूबाईंना जाऊन चोवीस वर्षं झाली. म्हणून हे लिहिते आहे.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी नळी काढली. दुपारची वेळ होती. खाटेशी मी एकटीच होते, हातात पाण्याचा पेला घेऊन. सासूबाई बराच वेळ छताकडे बघत होत्या. मग खरखरीत आवाजात त्यांनी विचारलं,

"कधी ठरवलंस?"

"काय?"

"मला खायला लावायचं."

खोटं बोलता आलं असतं. रागाच्या भरात बोलले, असं म्हणता आलं असतं, आणि ते कोणालाही पटलं असतं.

"वाडीतून परत येताना," मी म्हणाले. "नऊच्या सुमारास."

"आणि चूल?"

"तुम्ही खाल्ल्यावर निदान अर्धा तास मिळायला हवा होता."

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी.

"मी मेले असते तर?"

"तरी गावाने खाल्लं नसतं."

"बरोबर," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्यासाठी आलेला तो पहिला बरा शब्द. "गाव वाचायला घास कोणीतरी खायलाच हवा होता. ते तुझं बरोबर." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "पण दारात उभी राहून तूच का नाही खाल्लास? घरची बाई तूसुद्धा होतीस."

मी पेला त्यांच्यापुढे केला.

"सुचलं नाही," मी म्हणाले.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पडवीत साठ माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत, तशा. किती वेळ ते मी त्या दिवशी मोजलं नाही.

मग त्यांनी कूस बदलली, व्हरांड्यातून जाणाऱ्या नर्सला हाक मारली आणि तिच्याकडे पाणी मागितलं.